सिम्युलेटरमध्ये सगळे ठीक होते



२५ एप्रिल २०२३ ची रात्र अमिरातीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुबईच्या मोहम्मद बिन राशिद स्पेस सेंटरने बनवलेली ‘राशिद’ ही जेमतेम दहा किलो वजनाची बग्गी त्या रात्री चंद्रावर उतरायची होती. तिला घेऊन जाणारे ‘हाकुतो-आर’ यान जपानमधल्या आयस्पेस या खाजगी कंपनीचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडातून ते निघाले, चार महिन्यांहून अधिक काळ फिरत फिरत चंद्रापाशी पोचले, आणि आपल्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजायला वीस मिनिटे असताना ते उतरणार होते. आमच्या घरी मुलगी आणि तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसल्या होत्या. पडद्यावर दिसणारे यान अर्थातच संगणकाने काढलेले चित्र होते. तिथे चंद्रावर कॅमेरा घेऊन कोण उभे राहणार? चित्रातले यान छान सरळ, हळूहळू खाली येत होते. मग टोकियोच्या नियंत्रण कक्षातले चेहरे गप्प झाले. संपर्क तुटला तो तुटलाच.

मुलीने विचारले, “बाबा, आधी प्रॅक्टिस केली नव्हती का?”

केली होती. शेकडो वेळा केली असणार. पण ती सगळी सिम्युलेटरवर. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे म्हणून मी हा लेख लिहायला घेतला, आणि लिहिता लिहिता लक्षात आले की हा प्रश्न फक्त चंद्रावरच्या बग्गीचा नाही. सिम्युलेटर प्रोग्रामचे जे वागणे दाखवतो, ते त्याचे खरे वागणे असते का? आपल्यापैकी निम्मे लोक या ना त्या स्वरूपात याच प्रश्नावर पोट भरतात. कोणी बँकेची जोखीम मॉडेलवर मोजतो, कोणी पूल, कोणी तेलविहीर, कोणी रुग्णालयातल्या खाटा. मॉडेलचे उत्तर आले की आपण सही करतो. त्या सहीची किंमत कोण देतो, हा माझा आजचा मुद्दा आहे.

आधी हाकुतोचे काय झाले ते पाहू. आयस्पेसने महिन्याभरात, २६ मे २०२३ रोजी, आपली कारणमीमांसा जाहीर केली. यान ठरल्याप्रमाणे वेग कमी करत आले. उतरण्याच्या जागेकडे जाताना ते एका विवराच्या कडेवरून गेले. तिथे जमिनीत सुमारे तीन किलोमीटरचा कडा आहे. कडा ओलांडताच खालची जमीन एकदम दूर गेली, आणि उंची मोजणाऱ्या उपकरणाने प्रामाणिकपणे सांगितले की उंची अचानक वाढली आहे. यानातल्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा अंदाज मात्र वेगळा होता. दोहोंतली तफावत अपेक्षेपेक्षा मोठी दिसल्यावर सॉफ्टवेअरने ठरवले की उपकरणच बिघडलेले आहे, आणि तिथून पुढे त्याचे आकडे घेणे बंद केले. ही सोय मुद्दाम केलेली होती. उपकरण खरेच बिघडले तर यान भरकटू नये म्हणून. त्यानंतर यान आपल्याच अंदाजावर विसंबून खाली आले. त्याच्या हिशेबाने उंची शून्य झाली, म्हणजे आपण जमिनीला टेकलो. प्रत्यक्षात ते जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटर वर होते. अगदी संथ वेगाने ते खाली येत राहिले, इंधन संपले, आणि मग पडले.

खरे बोलणारा साक्षीदार वेडा ठरवून बाहेर काढला गेला, अशी ही गोष्ट आहे. पण प्रोग्रामला दोष देऊन भागणार नाही. प्रोग्राम जसा लिहिला होता तसाच वागला. अहवालातले खरे महत्त्वाचे वाक्य पुढे आहे. आराखड्याची अंतिम तपासणी फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली आणि उतरण्याची जागा त्यानंतर बदलली. सिम्युलेशन पुष्कळ झाली, पण नव्या मार्गावरची जमीन त्यांत पुरेशी आलीच नाही. म्हणजे सिम्युलेटरमधल्या चंद्रावर तो कडा जणू नव्हताच.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. पहिला प्रश्न: सिम्युलेटर प्रोग्रामची नक्कल हुबेहूब करतो का? दुसरा: सिम्युलेटर त्या प्रोग्रामला जे जग दाखवतो ते खऱ्या जगासारखे आहे का?

पहिल्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर १९३६ सालीच मिळाले आहे. ॲलन ट्युरिंगने त्या वर्षीच्या आपल्या निबंधात दाखवले की एक असे सर्वसाधारण यंत्र कल्पिता येते, जे दुसऱ्या कोणत्याही यंत्राची नक्कल पायरी न पायरी करू शकेल. आपला लॅपटॉप हा त्याच कल्पनेचा वंशज. म्हणजे हुबेहूब नक्कल तत्त्वतः शक्य आहे. त्याच निबंधात त्याने हेही सिद्ध केले की कोणताही प्रोग्राम समोर ठेवला तर तो पुढे काय करील हे आधीच सांगणारी एकच हुकमी रीत असू शकत नाही. म्हणूनच प्रोग्राम चालवून बघावा लागतो, म्हणूनच सिम्युलेटर लागतात. पण ट्युरिंगची हमी यंत्राच्या आतल्या वागण्यापुरती आहे. बाहेरून त्या यंत्रात काय येणार याची हमी गणित देत नाही. कडा कुठे आहे हे गणिताला माहीत नसते.

शिवाय जे तत्त्वतः शक्य, ते व्यवहारात केले जातेच असे नाही. एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते, तरी पुन्हा सांगण्यासारखी आहे. ४ जून १९९६ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून चाळीस सेकंदांच्या आसपास, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर तो वाट सोडून वळला आणि फुटला. त्याची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेतले सॉफ्टवेअर जुन्या एरियन-४ वरून जसेच्या तसे उचललेले होते. एरियन-५ चा मार्ग वेगळा, त्याचा आडवा वेग बराच लवकर वाढणारा. एक मोठा आकडा सोळा बिटांच्या छोट्या खणात कोंबताना मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर असल्याने ती त्याआधी क्षणभर तशीच बंद पडली होती. आणखी विशेष म्हणजे ज्या गणनेत हे झाले, तिचा एरियन-५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. एरियन-४ च्या सोयीसाठी ठेवलेली ती सवय तशीच राहून गेली होती.

पण मला इथे सांगायचे ते निराळे. उड्डाणाआधी जमिनीवर संपूर्ण यंत्रणेच्या चाचण्या झाल्या होत्या. त्या चाचण्यांत ही दिशा मोजणारी खरी पेटी बसवलेली नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारा प्रोग्राम होता. ती नक्कल खऱ्या पेटीने जसे वागायला हवे तसे वागत होती. खरी पेटी मात्र जशी होती तशी वागली. अपघातानंतर खरे सॉफ्टवेअर आणि उड्डाणाचा खरा मार्ग एकत्र आणून सिम्युलेशन केले, तेव्हा तोच बिघाड जसाच्या तसा प्रयोगशाळेत उमटला. म्हणजे हत्यार हाताशी होते, खऱ्या गोष्टी त्यात घालण्याचे कष्ट तेवढे राहिले.

विमानाने वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन बोइंग ७३७ मॅक्स विमाने कोसळून ३४६ माणसे गेली. अमिरातीसह जगभर ही विमाने जमिनीवर उभी राहिली. त्यानंतर मे २०१९ मध्ये बोइंगने मान्य केले की वैमानिकांना शिकवण्याच्या मॅक्सच्या सिम्युलेटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते, काही परिस्थिती त्यात नीट उमटत नव्हत्या. अशा वेळी हाताने फिरवायचे एक चाक प्रत्यक्षात फार जड जाते. सिम्युलेटरमध्ये ते तितके जड जात नव्हते. म्हणजे ज्या खोलीत बसून माणसे संकटाचा सराव करत होती, त्या खोलीतले संकट खऱ्यापेक्षा सोपे होते.

आणि एक प्रकार याहून लबाड आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. मोटारीच्या धुराची तपासणी रूळांवर, म्हणजे एका अर्थी रस्त्याच्या सिम्युलेटरवर होते. गाडीतला प्रोग्राम ओळखत असे की आपली परीक्षा चालू आहे. स्टिअरिंग कसे फिरते, वेग कसा बदलतो यावरून. परीक्षेत गाडी सोवळ्यात वागायची आणि रस्त्यावर आली की ठरलेल्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. हे पकडले कोणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने, मोजमापाची उपकरणे गाडीच्या मागे बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवून. त्यांना काही फार मोठे डोके लढवावे लागले नाही. ते फक्त बाहेर गेले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांचे दोष सांगताना आपला लपवणे बरे नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात इमारतींच्या एका समूहाला थंड पाणी पुरवणाऱ्या प्लँटचा नियंत्रण-प्रोग्राम तपासण्याचे काम माझ्याकडे होते. बाहेर किती तापले आहे ते पाहून प्लँटने किती पाणी थंड करायचे हे तो प्रोग्राम ठरवी. सिम्युलेटर मी बांधला. त्यात विमानतळावरच्या हवामान केंद्राचे अनेक वर्षांचे तापमान घातले. सगळे दिवे हिरवे आले. मी सही केली.

त्या समूहात कामगारांच्या राहण्याच्या दोन इमारतीही होत्या. तापमान मोजणारे उपकरण प्रत्यक्षात बसवले गेले एका गच्चीवर, एसीच्या यंत्रांच्या गरम झोतापासून हाताच्या अंतरावर. जुलैतल्या एका दुपारी त्याचा आकडा इतका चढला की प्रोग्रामने ते उपकरण नादुरुस्त ठरवले आणि त्याच्याऐवजी एक ठरावीक, सौम्य आकडा धरला. प्लँटने पाणी कमी केले. ऑफिसच्या मजल्यांवर ते फारसे कळले नाही, कारण तिथली माणसे पाच वाजता घरी गेली. उन्हात दिवस काढून आलेली, एका खोलीत सहा-सहा जण राहणारी माणसे मात्र त्या रात्री गच्चीवर आणि जिन्यात झोपली. कोणाला काही झाले नाही. पण हे आपले कर्तृत्व आहे असे म्हणायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. एसी सांभाळणारा टेक्निशियन खेडचा निघाला, वीस वर्षे आखातात. मराठी ऐकून मोकळा झाला. म्हणाला, “साहेब, तुमचा कॉम्प्युटर कधी गच्चीवर आलाय का?” उपकरण चुकीच्या जागी बसले आहे हे त्याने बसवणाऱ्यांना सांगितले होते. पण ड्रॉइंगमध्ये तसे आहे, असे उत्तर त्याला मिळाले. त्याला विचारायचे मला सुचलेच नव्हते. माझ्या सिम्युलेटरमध्ये गच्ची नव्हती आणि तोही नव्हता. हाकुतोचा अहवाल वाचताना मला आधी आठवला तो हा माणूस.

आपल्या परंपरेत या गोष्टीला एक नेमका शब्द आहे: दृक्प्रत्यय. पंचांग म्हणजे तरी काय? आकाशाचे सिम्युलेशनच. ग्रह कुठे असतील हे गणिताने आधी सांगायचे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले आणि गणित इतके सोपे करून दिले की पुढची कित्येक शतके पंचांगकर्ते त्यावर विसंबून राहिले. पण सोपे केलेले गणित हळूहळू आकाशापासून सरकत जाते. एकोणिसाव्या शतकात पंचांगातला ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांत फरक पडू लागला, तेव्हा पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेले गणित मांडले आणि १८६५ पासून त्यावरून पंचांग निघू लागले. त्यावर वाद झाले, जोरदार झाले. एका बाजूचे म्हणणे, पूर्वजांचे गणित बदलायचे नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, डोळ्यांना दिसत नाही ते गणित काय कामाचे? सुधारकांची बाजू कोणती होती हे आपल्याला सांगायला नको.

आपण सगळे त्या दुसऱ्या बाजूचे वारस म्हणवून घेतो. पोथीत लिहिले आहे म्हणून खरे, हे आपण मानत नाही. मग ‘सिस्टिममध्ये तसे दाखवतेय’ या वाक्यापुढे मान का तुकवतो? ज्याला शब्दप्रामाण्य म्हणून आपण हिणवतो, त्याचीच ही शर्टपँट घातलेली आवृत्ती आहे. पोथीला निदान आपण कोणी लिहिली, केव्हा लिहिली असे विचारतो. मॉडेलला तेही विचारत नाही.

यावर माझे काही सहकारी चिडतात, आणि त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. ते म्हणतात, चंद्रावर जाऊन दहा वेळा सराव करता येत नाही. दोन्ही इंजिने बंद पडलेल्या विमानाचा सराव खऱ्या प्रवाशांसह करता येत नाही. सिम्युलेटर नसता तर याहून जास्त माणसे मेली असती. मान्य, शंभर टक्के मान्य. उलट मी भर घालतो: सिम्युलेटर सुधारला म्हणजे यश मिळतेच असेही नाही. आयस्पेसचे दुसरे यान जून २०२५ मध्ये पुन्हा चंद्रावर आपटले, आणि या वेळी उंची मोजणाऱ्या लेझर उपकरणातच घोळ होता. जगाकडे आपल्याला चकवायला नवी वाट नेहमी असते. म्हणून सिम्युलेटर फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. सिम्युलेटरमध्ये पास झाल्याला आपण पुरावा म्हणतो, त्याला मी एक अटींसह दिलेली साक्ष म्हणेन. त्या अटी साक्षीबरोबर लिहिलेल्या असाव्यात, आणि अधूनमधून कोणीतरी उठून गच्चीवर जावे, एवढेच.

हे करता येते. चांद्रयान-२ चे विक्रम हे यान सप्टेंबर २०१९ मध्ये उतरताना आदळले. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने यानाचे संवेदक हेलिकॉप्टरवर बांधून उडवले, इंजिने आणि नियंत्रण एकत्र तपासायला उंच क्रेनला टांगून चाचणी घेतली, आणि पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून पाहिले. उतरायची जागा पाचशे मीटरच्या चौरसावरून चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली. ‘काय काय बिघडू शकते’ इथून आराखड्याला सुरुवात केली. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरले, आणि आपण सगळे नाचलो, मीही नाचलो. पण एक खंत उरते. चांद्रयान-२ चा संपूर्ण अपयश-अहवाल जनतेसमोर आलेला नाही. संसदेतले एक उत्तर आणि नंतरची भाषणे-मुलाखती यांतून आपल्याला तुकडे मिळाले. एरियनचा अहवाल सहा-सात आठवड्यांत जगासमोर होता, आणि आज तो कॉलेजात शिकवला जातो. भांडवलदारांच्या पैशावर चालणाऱ्या आयस्पेसनेही महिन्याभरात आपली चूक सांगितली. लोकांच्या करातून चालणाऱ्या संस्थेने तेवढे करावे, ही अपेक्षा देशद्रोही नाही. लपवलेल्या चुकीतून शिकतो तो फक्त ती लपवणारा, तोही शिकला तर.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जास्त छळणारा मुद्दा. सिम्युलेटरमधल्या जगात कोणाला जागा मिळते?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टेंपी गावात उबरच्या स्वयंचलित गाडीने एका स्त्रीला उडवले. ती सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, झेब्रा क्रॉसिंग नव्हते तिथून. तपास यंत्रणेचा अहवाल पुढच्या वर्षी आला. गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ती कोण आहे हे गाडीला ठरवता येईना: कधी वाहन, कधी ‘इतर काहीतरी’, कधी सायकल. पादचारी असे तिला एकदाही ओळखले गेले नाही. कारण क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडत असेल, हे त्या यंत्रणेच्या आराखड्यात धरलेलेच नव्हते. आकडा डोळ्यांसमोर होता, पण त्या आकड्याला मावणारा खण नव्हता. एरियनसारखेच.

दुबईने २०१६ मध्येच जाहीर केले आहे की २०३० पर्यंत शहरातले २५ टक्के प्रवास स्वयंचलित वाहनांनी होतील. अबू धाबीच्या यास बेटावर २०२१ मध्ये अशा टॅक्सी धावू लागल्या. मला त्यांचे कौतुक आहे. माणूस जितके अपघात करतो तितके यंत्र करणार नाही, अशीच माझी आशा आहे. पण या गाड्यांच्या सादरीकरणात ‘सिम्युलेटरमध्ये इतके लाख किलोमीटर’ असा आकडा येतो तेव्हा मी एक प्रश्न विचारतो. ते किलोमीटर कोणाच्या रस्त्यावरचे? यास बेटावर रुंद पदपथ आहेत, पर्यटक सिग्नलला थांबतात. पण अल कूझच्या गोदामांपाशी, शारजाच्या औद्योगिक भागात, रात्री दहाला पाळी संपवून सायकलवर उलट्या बाजूने येणारा, दिवा नसलेला, मळकट निळ्या कपड्यातला माणूस त्या सिम्युलेटरमध्ये आहे का? पूल दीड किलोमीटर दूर म्हणून मधूनच रस्ता ओलांडणारे, हातात किराण्याची पिशवी घेतलेले चौघे आहेत का? रस्ता असा ओलांडणे इथे गुन्हा आहे, दंड होतो, हे मला माहीत आहे. पण कायद्याने मनाई केली म्हणून माणूस रस्त्यावरून नाहीसा होत नाही. प्रोग्रामच्या जगातून मात्र तो फार सहज नाहीसा होतो. मुद्दाम कोणी काढत नाही. मॉडेल करणारा त्या रस्त्याने कधी रात्री चालत गेलेला नसतो, इतकेच.

म्हणून सही करणाऱ्या आपणा सगळ्यांना माझी तीन साधी मागणी आहेत, आणि पहिली माझ्यापासून. सिम्युलेशनच्या प्रत्येक अहवालात ‘यात काय धरलेले नाही’ असे एक पान असावे, आणि ते शेवटच्या परिशिष्टात नको, पहिल्या पानामागे हवे. चाचणीनंतर जागा, मार्ग, उपकरण यांपैकी काहीही बदलले की आधीचा हिरवा दिवा रद्द समजावा. आणि जो माणूस ती गोष्ट रोज हाताळतो, त्याला अहवालावर बोलण्याचा हक्क असावा. त्याचे इंग्रजी कसेही असो, त्याचा पगार कितीही असो.

तिसरी मागणी ऐकायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत अवघड. आपल्या बैठकीत तो टेक्निशियन चहा घेऊन आलेला चालतो, खुर्ची ओढून बसलेला चालत नाही. कोणत्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचे हा वाद आपण गावी असताना जातीच्या भाषेत पाहिला. इथे तो व्हिसाच्या प्रकाराच्या भाषेत चालतो. भाषा बदलली तरी तोटा तोच आहे: ज्याला कडा दिसतो त्याचे कोणी ऐकत नाही.

राशिद बग्गी पडल्यानंतर लगेचच इथल्या नेतृत्वाने ‘राशिद-२’ ची घोषणा केली. चांगली गोष्ट आहे. मुलीने पुन्हा विचारले, “आता नीट उतरेल?” मी तिला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. म्हटले, या वेळी कडा नकाशात घातलाय का ते बघू. ती म्हणाली, “आणि जे नकाशात नाहीच ते?”

त्यासाठीच गच्चीवर जायचे असते.